रूथसाठी लिहिलेली कार्डं

शिरूरच्या जुन्या पेठेतल्या वाचनालयात नोएल आढाव सदतीस वर्षं नोकरीला होता. शिपाई म्हणून लागला, पुढं ग्रंथालय परिचर असं नाव झालं, काम तेच राहिलं. सकाळी दार उघडायचं, वर्तमानपत्रं लावायची, पुस्तकं द्यायची-घ्यायची, पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांना रागं भरायचं. या कामाशिवाय आणखी एक काम तो करत आला होता. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची सुरुवात घरातून झाली. नोएलचे वडील फिलिप मिशनच्या कारखान्यात सुतार होते. चर्चमागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. नोएलपाठची रूथ पाच वर्षांनी लहान. ती चार वर्षांची असताना तिला ताप आला, तो अकरा दिवस हटला नाही, आणि उतरला तेव्हा तिचे कान घेऊन गेला. पुण्याच्या मूकबधिर शाळेत दोन वर्षं ठेवली. पण दर सुट्टीत आईचा पदर सोडेना, आईचाही जीव राहीना, मग परत आणली ती आणलीच. अक्षरं तिला येत होती. पण ओळखीची माणसं रस्त्यात नुसती मान हलवून पुढं निघून जातात ना, तशी ती अक्षरं तिच्यासमोरून जायची, थांबायची नाहीत. थांबायची ती चित्रं.

नोएलनं हे नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी ओळखलं. वाचनालयात जुन्या मासिकांचे, दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे होते, कुणी त्यांना हात लावत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तो दोन गठ्ठे पिशवीत घालून सायकलला अडकवायचा आणि सोमवारी परत आणायचा. रविवारी चर्चहून आल्यावर रूथ सतरंजीवर बसून एकेक पान उलटायची. एखाद्या चित्रावर अर्धा अर्धा तास. आई जेवायला उठवायची तर हात झटकायची.

पंचाईत पुढं झाली. रूथला आधी पाहिलेलं चित्र पुन्हा बघावंसं वाटायचं. मग ती खुणांनी सांगायची, आणि तिचं सांगणं काही ‘बाई’ किंवा ‘बैल’ असं सरळ नसे. ती मान मागं वळवून दाखवायची, म्हणजे जाता जाता मागं बघणारं कुणीतरी. ती दारात उभं राहून एक पाय आत, एक बाहेर ठेवायची. ती मिटलेले डोळे दाखवायची आणि मग उघडे, म्हणजे मूल झोपलंय आणि आई जागी आहे. ते चित्र कुठल्या गठ्ठ्यात होतं हे नोएलनं कसं लक्षात ठेवावं? म्हणून त्यानं रद्द झालेल्या पुस्तकांची कार्डं घेतली आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागला. वर रूथची खूण शब्दांत, खाली अंकाचं नाव, वर्ष, पान.

‘मागं वळून बघणारे.’ ‘उंबऱ्यात उभे.’ ‘झोपलेलं मूल, जागी आई.’ ‘रिकामे हात.’ ‘दिवा आहे, उजेड दुसरीकडून येतोय.’

अशी दोन हजारांवर कार्डं झाली. कार्डांच्या कपाटाचे खालचे तीन खण त्यानं भरले होते. काही चित्रांपाशी रूथ एक वेगळी खूण करायची. उजव्या अंगठ्याचं नख डाव्या बोटांच्या चिमटीत धरून ओढायची. नोएलनं त्याचा अर्थ लावला, फार आवडलं. त्या कार्डांच्या कोपऱ्यात तो तांबड्या शाईचा ठिपका द्यायचा.

वर्षं गेली. फिलिप गेले, मग आई गेली. नोएलचं लग्न झालं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणं झालं होतं, पण बहीण बरोबर राहील म्हटल्यावर पुढं सरकलं नाही, आणि त्यानंही रेटलं नाही. रूथ गोधड्या शिवायची. तिच्या गोधडीला शिरूरबाहेरून मागणी यायची, कारण तिचे रंग कुणाच्या रंगांसारखे नसत.

मग वाचनालयात कॉम्प्युटर आला. सगळी पुस्तकं त्यात चढली. संचालक मंडळाचे अध्यक्ष मारुतराव हे शेतीतनं वर आलेले, मोकळ्या तोंडाचे गृहस्थ. त्यांनी सभेत ठराव मांडला, की गावातली पोरंपोरी स्पर्धा परीक्षेला बसत्यात, त्यास्नी बसायला जागा न्हाई. मागची खोली अभ्यासिका करायची. जुनी मासिकं आणि कार्डांचं कपाट काढून टाकायचं.

ठराव चांगलाच होता. नोएलला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं हा काही सभेत मांडायचा मुद्दा नव्हे. तो चहाचे कप गोळा करून बाहेर गेला. दिवाळीनंतर रद्दीवाला आला आणि मासिकांच्या तीन कपाटांतलं पहिलं कपाट टेम्पोत रिकामं झालं. बाकीची दोन महिनाअखेरीला जाणार होती.

त्याच आठवड्यात शितल आली.

ती दौंड तालुक्यातल्या कासुर्डीची. वडील बबनराव शेवंती लावत. पोरगी पुण्यात कलेच्या इतिहासाचं एम.ए. करत होती. कासुर्डीहून चौफुला, न्हावरा करत स्कूटीवर आली होती, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, भुवयांवर धूळ.

“मामा, जुन्या मासिकांचे अंक हायत का? साठ ते ऐंशीपर्यंतचे?”

“हायत थोडे. काय पाहिजे त्यातलं? कथा का लेख?”

“चित्रं.”

नोएलनं हातातला शिक्का खाली ठेवला. सदतीस वर्षांत हे उत्तर त्यानं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

शितल बाकावर टेकली आणि बोलायलाच लागली, बरेच दिवस कुणी विचारलं नसावं तसं. “पुण्यात चार लायब्रऱ्या पालथ्या घातल्या मामा. कॉम्प्युटरवर लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक येतं. कथेचं नाव टाकलं की कथा येते. चित्राला नावच नसतं, मग टाकायचं काय? नेटवर बघावं तर मोठ्या चित्रकारांचं सगळं हाय, पण मासिकातल्या चित्रांची कुणी नोंदच ठेवलेली न्हाई. सर म्हणतात, साधनं शोध. आता साधनं म्हंजी बसून पान अन् पान उलटायचं. सहा महिन्यांत चाळीस चित्रं मिळाली.”

“कसली चित्रं?”

ती जरा लाजली. “काम करणाऱ्या बायांचे हात. आमची आई पहाटं फुलं तोडती, तिच्या बोटांना चिरा पडल्यात, नखं काळी झाल्यात. चित्रातल्या बायांचे हात बघावं तर समदे केळीच्या गाभ्यासारखे. म्हटलं, आईसारखे हात कुणीच काढले न्हाईत का? का काढले आन् मला घावंना?”

नोएल उठला. मागच्या खोलीत जाऊन कपाटाचा खालचा खण ओढला आणि तिला बोलावलं. ‘हात’ या शब्दाखाली दीडशेच्या वर कार्डं होती. हात, पिठाचे. हात, कपाळावर. हात, दुसऱ्याच्या हातात. हात, दोरावर. हात, रिकामे.

शितल फरशीवरच बसली. दहा-बारा कार्डं वाचली आणि वर बघितलं. “मामा, हे कुणी केलंय?”

“असंच. घरच्यासाठी केलं,” नोएल म्हणाला आणि पंख्याचं बटण लावायला गेला, पंख्याची गरज नव्हती तरी.

चार दिवस ती येत राहिली. पहिल्या कपाटातले अंक गेलेले होते, त्यांची कार्डं हातात घेऊन ती नुसती वाचायची आणि बाजूला ठेवायची. नोएलला ते बघवत नसे. पण उरलेल्यातून साठ-सत्तर चित्रं निघाली. चौथ्या दिवशी तिनं एक कार्ड मोठ्यानं वाचलं. “भारा उतरवून बसलेली बाई. हात मांडीत उपडे. नखं तुटलेली. दिवाळी अंक, एकाहत्तर, पान अठ्ठ्याऐंशी. मामा, हेच! हेच पाहिजे मला!” तिनं गठ्ठा काढला, पानं उलटली. शहाऐंशी. मग एकोणनव्वद. मध्ये शिवणीपाशी एक सरळ, स्वच्छ कापलेली कड.

“कुणीतरी ब्लेडनं कापलंय.” तिचा आवाज एकदम लहान झाला.

“असत्यात तसले लोक,” नोएल म्हणाला.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. रूथनं ताट पुढं केलं, कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं बघत समोर बसून राहिली. तिच्या डोक्यावर भिंतीला ते पान फ्रेममध्ये होतं. तीस वर्षं तिथंच होतं.

आई गेली त्या वर्षी रूथनं गोधडी सोडली होती आणि चित्रंही सोडली होती. भिंतीकडं तोंड करून पडून असायची. नोएल दर शनिवारी गठ्ठे आणायचा, ती उघडायची नाही. एका रविवारी त्यानंच उघडून तिच्यासमोर ठेवला, आणि या एका चित्रापाशी ती उठून बसली. दिवसभर अंक मांडीवर. सोमवारी सकाळी तो घ्यायला गेला तर तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला. रडली नाही, नुसती धरून होती. मग पानाचा कोपरा दुमडला तरी रागं भरणाऱ्या या माणसानं दाढीचं ब्लेड आणलं.

दुसऱ्या दिवशी शितल आल्या आल्या तो म्हणाला, “काल मी खोटं बोललो. ते पान माझ्या घरी हाय. मीच कापलंय.” आणि कारणही सांगितलं, उभ्या उभ्या, शिक्क्याच्या डबीकडं बघत.

शितलनं खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, “मला दाखवाल?”

दुपारच्या सुट्टीत दोघं घरी आले. रूथ ओट्यावर गोधडीला टाके घालत होती. पंचावन्न वर्षांची, केस पांढरे झालेले, नजर अशी की माणसानं आपोआप नीट उभं राहावं. नोएलनं खुणांनी सांगितलं, ही मुलगी, चित्रं, हात. रूथनं शितलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत घेतलं.

शितल फ्रेमसमोर उभी राहिली. शाईनं काढलेली बाई. शेजारी सरपणाचा भारा. हात मांडीवर उपडे पडलेले, रुंद, बोटांची पेरं सुजलेली, अंगठ्याचं नख चौकोनी आणि एका बाजूनं तुटलेलं. शितलनं आपला हात काचेजवळ नेला आणि तसाच धरला.

“आमच्या आईचेच हात हायत,” ती म्हणाली.

चित्रावर सही नव्हती. अंकाच्या अनुक्रमणिकेतही चित्रकाराचं नाव नव्हतं, ते तिनं आधीच पाहिलं होतं. म्हणून नोएलनं फ्रेमचे खिळे काढले, पान उलटं केलं. मागं केसांच्या तेलाची जाहिरात आणि कुठल्याशा कथेचं शेपूट. बस.

“आता कसं कळायचं कुणी काढलंय ते?” शितल पानाच्या कडेकडेनं बोट फिरवत म्हणाली.

रूथ ते बोट बघत होती. तिनं शितलच्या खांद्याला हात लावला, आणि आपल्या उजव्या अंगठ्याचं नख चिमटीत धरून ओढलं.

“तिला हे चित्र फार आवडतं, असं म्हणतीय,” नोएलनं सांगितलं आणि रूथकडं बघून हसून मान डोलावली.

रूथनं जोरात मान हलवली. नाही. पुन्हा नख ओढलं. पुन्हा नोएल हसला. तेव्हा ती उठली, कोनाड्यातली कापडावर खुणा करायची पेन्सिल आणली आणि वर्तमानपत्राच्या कडेला एक अंगठा काढला. चौकोनी नख, एका बाजूला आडवी रेघ. मग चित्रातल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मग नोएलकडं बोट केलं, मग बाहेर, पेठेच्या दिशेला, आणि हवेत पानं उलटली. एक, आणखी एक, आणखी एक. प्रत्येकदा अंगठा. शेवटी एकच बोट वर धरलं आणि लिहिल्यासारखा हात हलवला.

एक माणूस. काढणारा एकच.

शितलला आधी कळलं. “मामा, ती सांगतीय की हा चित्रकार आणखी अंकांत हाय. ती त्याला नखावरनं ओळखती!”

नोएल खाटेवर बसला. तांबडे ठिपके त्याच्या डोळ्यांसमोर आले. तीस वर्षं बहीण त्याला सांगत होती, हा तोच आहे, हा बघ पुन्हा भेटला. आणि तो दर वेळी मान डोलावून म्हणत होता, व्हय, छान आहे. ती किती वेळा चिडली असेल? किती वेळा सोडून दिलं असेल? त्यानं रूथकडं पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि कान धरले. रूथनं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि स्लिपर शोधायला लागली. तिला वाचनालयात जायचं होतं.

ती आजवर तिथं कधी गेली नव्हती. नोएलनंच नेलं नव्हतं. लोक बघतील, तिच्या तोंडून मधूनच आवाज निघतो त्याला पोरं हसतील, असं त्याला वाटायचं. सगळं घरी आणून देतो की, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आता ती शितलबरोबर पुढं चालली होती आणि तो दोन पावलं मागून, आपल्या त्या समजुतीचा विचार करत.

तांबड्या ठिपक्याची एकोणीस कार्डं निघाली. त्यातल्या पाच अंकांची पहिल्या कपाटाबरोबर रद्दी झाली होती. उरलेल्यांतली दोन चित्रं रूथनं झटक्यात बाजूला सारली, ठिपका नोएलनं चुकून दिला होता. बारा पक्की ठरली. कांदे काढणाऱ्या बाया, विहिरीवरची म्हातारी, एक सुईण. मग रूथ स्वतःच कपाटाकडं वळली, नोएलनं घरी कधी न नेलेले गठ्ठे ओढले आणि तासाभरात आणखी चार शोधली. शितल फोटो काढत होती आणि मधूनच नाक पुसत होती. शेवटचं एका शेतीविषयक मासिकातलं होतं. रूथनं तिचा हात धरून टोपलीच्या विणीवर नेला. विणीच्या आडव्या-उभ्या रेघांत बारीक अक्षरं लपवलेली होती: सावळाराम, दौंड.

पुढचं शितलनं केलं. दौंडला जाऊन तिनं बोर्ड रंगवणाऱ्या जुन्या माणसांना गाठलं. सावळाराम रेल्वेत पेंटर होते, स्टेशनांची नावं रंगवायचे, आणि घरी चित्रं काढून पोस्टानं मासिकांना पाठवायचे. ते जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांची मुलगी नकुशी भांडगावला दिली होती. तिच्याकडं वडिलांचं एकही चित्र नव्हतं. फोनवरचे फोटो तिनं बोटानं मोठे करून पाहिले आणि म्हणाली, “ही आमची आई. हिचेच हात. यार्डात इंजिनाखालचा कोळसा वेचायची. आप्पा तिला बसवायचे समोर, ती म्हणायची, मला काम हाय, मुकाट काढा लवकर.” मग तिनं विचारलं, “हे तुम्हाला घावलं कसं?” शितलनं तिला रूथचं सांगितलं.

महिनाअखेरीला मंडळाची सभा झाली. शितलनं आपल्या सरांचं पत्र आणलं होतं. त्यात लिहिलं होतं, की छापील चित्रांची अशी सूची त्यांनी तरी दुसरीकडं पाहिलेली नाही आणि ती अंकांसकट टिकावी. मारुतरावांनी पत्र दोनदा वाचलं. ते काही बोलायच्या आत नोएल उठून उभा राहिला.

“मारुतराव, अंक ठेवायचं बोलण्याआधी माझं एक ऐका. त्यातलं एक पान मी कापून नेलंय. चौऱ्याण्णव साली.”

मारुतरावांनी चष्मा काढला. “कशापायी?”

“रूथसाठी.”

“आन् हे आज सांगतोस?”

“आज सांगतो.”

मारुतरावांनी टेबलावरचं पत्र घडी घालून बाजूला ठेवलं. “चूक ती चूक,” ते म्हणाले. “पान परत आणून लाव. आन् ही दोन कपाटं न् ती कार्डं पुढच्या खोलीत घ्या. पोरांची अभ्यासिका मागं करू, जागा पुरती. पहिलं कपाट घालवलं ती चूक आमची. ते काय आता परत येत न्हाई.” मग जरा थांबून, “बस की आता. किती उभा राहशील?”

पान परत द्यायचं रूथला सांगताना नोएलला भीती वाटत होती. ती रुसेल असं त्याला वाटलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणजे त्याचे हात बघून घेतले, आणि सुईदोरा घेऊन वाचनालयात आली. डिंक तिला पसंत नव्हता. कापलेल्या कडेला तिनं पातळ कागदाची पट्टी जोडली आणि शिवणीत बारा बारीक टाके घातले, असे की पान उलटताना बोटाला लागूही नयेत. अंक मिटला, उघडला, पान फिरवून पाहिलं. मग तो नोएलच्या हातात दिला.

मार्चमध्ये नोएल निवृत्त झाला. शितलचा प्रबंध अजून चालू आहे. त्यातल्या एका जागेसाठी ती परवा रूथला विचारायला आली होती, दोन तास दोघी खुणांनी भांडत होत्या. दर शनिवारी दुपारी रूथ आता एकटीच वाचनालयात जाते. पहिल्यांदा अभ्यासिकेतल्या पोरांनी माना वर करून पाहिलं, आता कुणी बघत नाही. बंद व्हायच्या वेळेला नोएल तिला आणायला जातो. दारातून हाक मारून उपयोग नसतो, म्हणून तो आत जाऊन तिच्या खांद्याला हात लावतो. ती त्याच्याकडं न बघताच हात वर करते, थांब म्हणून. मग तो शेजारचं स्टूल ओढून घेतो आणि तिचं पान बघून होईपर्यंत बसतो.